विश्लेषण : जुनी व्हॅन सकाळी सुरूच होईना... दोष सेन्सरचा, की तारेचा?

जुन्या ओम्नी आणि ईको गाड्यांचे ‘चेक इंजिन’चे दुखणे अनेकदा सेन्सर बदलूनही जात नाही. पैसे जातात, दिवस बुडतो आणि शेवटी गाडी भंगारात काढण्याचा सल्ला मिळतो. निदान नेमके कुठे चुकते? ई-२० पेट्रोल आणि सीएनजीचा यात वाटा किती? आणि गल्लीतल्या मेकॅनिकच्या हाती योग्य स्कॅनर का नसतो?

मानखुर्दच्या महाराष्ट्र नगर, लल्लूभाई कंपाउंड किंवा पीएमजीपी वसाहतीच्या रस्त्यांवर भल्या सकाळी एक आवाज ठरलेला असतो. सेल्फ फिरतो, फिरतो, दमतो. इंजिन काही पेटत नाही. मग दोघे मागून धक्का देतात. त्या व्हॅनला सातच्या आत शाळेची मुले घ्यायची असतात, नाहीतर खाडीपूल ओलांडून वाशीच्या बाजार समितीत पोहोचायचे असते. गाडी बंद म्हणजे त्या दिवसाचा धंदा बंद. त्यामुळे दुरुस्तीचा निर्णयही घाईत होतो आणि पुढच्या बहुतेक चुका या घाईतच होतात.

गेल्या १६ नोव्हेंबरला, म्हणजे २०२५ च्या त्या रविवारी, चेंबूरच्या आरसीएफच्या आवारात गेलच्या मुख्य वायुवाहिनीला बाहेरच्या कामात इजा झाली. वडाळ्याच्या सिटी गेट स्टेशनकडे जाणारा वायू अडला आणि मुंबई महानगरात सीएनजीची टंचाई झाली. दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाड्यांना त्या काळात पेट्रोलचाच आधार होता. महिनोन्महिने केवळ सुरू होण्यापुरते पेट्रोल पिणाऱ्या जुन्या व्हॅनची पेट्रोलच्या बाजूची दुखणी अशाच वेळी उघडी पडतात. पंप थकलेला, इंजेक्टर चिकटलेले, टाकीच्या तळाशी गाळ. सीएनजीवर या गोष्टी झाकलेल्या राहतात.

‘जुनी व्हॅन’ म्हणजे नेमकी कोणती?

हा प्रश्न साधा वाटतो, पण निदान इथूनच वेगळे होते. मारुतीची व्हॅन १९८४ मध्ये आली, पुढे तिचे नाव ओम्नी झाले आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, तेही पुढच्या सीटखाली. २००१ मध्ये आलेली वर्सा फारशी चालली नाही. तिच्याच सांगाड्यावर २०१० च्या जानेवारीत ईको आली आणि ती आजही विकली जाते. इंजिन तिचेही सीटखालीच.

मुंबईत भारत स्टेज-३ निकष एप्रिल २००५ पासून आणि भारत स्टेज-४ एप्रिल २०१० पासून लागू झाले. देशभर भारत स्टेज-४ यायला २०१७ उजाडले आणि एप्रिल २०२० पासून थेट भारत स्टेज-६. या तारखा इथे सांगण्याचे कारण आहे. कार्ब्युरेटरच्या जुन्या ओम्नीत संगणकच नाही. तिला सेन्सर नाही, कोड नाही, त्यामुळे ‘स्कॅन करून देतो’ म्हणणाऱ्याकडे तिच्यासाठी काहीच नाही. स्टेज-३ च्या इंजेक्शनच्या गाडीत संगणक आहे, सेन्सर आहेत, पण त्यांची भाषा कंपनीची. स्टेज-४ पासून गाडीने स्वतःचे दोष स्वतः नोंदवायची सक्ती आली. ही ‘ऑनबोर्ड डायग्नोस्टिक्स’ म्हणजे ओबीडी यंत्रणा २०१० मध्ये पहिल्या टप्प्यात आणि एप्रिल २०१३ पासून दुसऱ्या टप्प्यात बंधनकारक झाली. अमेरिकेत दुसऱ्या टप्प्याची ओबीडी १९९६ पासूनच सर्व मोटारींवर आहे. आपल्याकडे ती सतरा वर्षांनी आली.

म्हणून गॅरेजमध्ये पहिला प्रश्न ‘काय होतंय?’ हा नाही. गाडी कोणत्या वर्षाची आणि कोणत्या स्टेजची, हा आहे. आरसी बुकात तो उल्लेख मिळतो.

सेल्फ फिरतोय की नाही, हे आधी का पाहायचे?

कारण ‘गाडी सुरू होत नाही’ या एका वाक्यात दोन अगदी निराळे आजार असतात. पहिल्यात सेल्फ फिरतच नाही किंवा नुसता ‘टक्’ असा आवाज करून थांबतो. दुसऱ्यात सेल्फ नीट फिरतो, पण इंजिन पकडत नाही. पहिल्या आजाराचा सेन्सरशी बहुतेक वेळा काही संबंध नसतो. बॅटरी, तिचे टर्मिनल, अर्थिंगची पट्टी, सेल्फचा सोलेनॉइड, चावीचा स्विच यांतच तो सापडतो.

बॅटरीचे मोजमाप मल्टिमीटरने दोन मिनिटांत होते. रात्रभर उभ्या गाडीची पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते, १२.२ म्हणजे ती साधारण अर्धी रिकामी. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली घसरली, तर बॅटरी तरी गेली आहे किंवा सेल्फ नको इतका करंट ओढतो आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा हवा. तो नसेल तर अल्टरनेटरकडे बघायचे. नवी बॅटरी टाकूनही चार दिवसांत पुन्हा तीच रड.

इथे एक गोष्ट फारशी कुणी ग्राहकाला सांगत नाही. सेल्फ फिरताना व्होल्टेज फार पडले की इंजिनचा संगणक गोंधळतो. क्षणभर झोपी जाऊन पुन्हा जागा होतो, सेन्सरचे आकडे चुकीचे वाचतो आणि नको ते कोड साठवतो. दोष बॅटरीच्या टर्मिनलवरच्या पांढऱ्या थराचा, पण नाव येते क्रँक सेन्सरचे. स्कॅनर लावण्याआधी टर्मिनल घासून घट्ट करणे हे म्हणूनच कंटाळवाणे पण सर्वांत स्वस्त काम.

अर्थिंगचेही तसेच. इंजिन ते बॉडी आणि बॉडी ते बॅटरी अशी जाडजूड पट्टी असते. सेल्फ मारत असताना मीटरचे एक टोक इंजिनच्या धातूवर आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हवर धरले तर आकडा अर्ध्या व्होल्टच्या आतच असायला हवा. एक-दीड व्होल्ट दिसले तर पट्टी सडली आहे, मग ती वरून कितीही धडधाकट दिसो.

इंजिन पेटायला संगणकाला काय हवे असते?

सर्वांत आधी त्याला कळावे लागते की इंजिन फिरते आहे. हे सांगतो क्रँक पोझिशन सेन्सर. फिरत्या दातेरी चाकाजवळ बसलेला हा सेन्सर प्रत्येक दात गेला की एक विद्युत ठोका देतो. ठोके आले नाहीत तर संगणक ठिणगीही देत नाही आणि इंजेक्टरही उघडत नाही. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद गुणगुणणारा पेट्रोल पंपसुद्धा पुढे चालू ठेवत नाही. म्हणजे एका छोट्या सेन्सरमुळे ‘ना करंट, ना पेट्रोल’ अशी स्थिती. मेकॅनिकने पंप बदलला, कॉइल बदलली आणि गाडी तशीच, असे होण्याचे हे एक नेहमीचे कारण.

क्रँक सेन्सरची खोड अशी की तो थंड असताना शहाण्यासारखा वागतो. गरम झाला की आतली बारीक वेटोळी तुटल्यासारखी होते. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्याच्या कोंडीत अर्धा तास रखडल्यावर गाडी बंद पडते, वीस मिनिटांनी काहीच न झाल्यासारखी सुरू होते आणि गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत अगदी ठणठणीत. इंजिन सीटखाली कोंडलेले असल्याने व्हॅनमध्ये उष्णता जास्त साठते, हेही आहेच. असा दोष पकडायचा तर गाडी बंद असतानाच पकडायला हवा. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएमचा आकडा शून्यच राहिला तर संशय क्रँक सेन्सरवर किंवा त्याच्या तारेवर. दोनशे-अडीचशे दिसला तर सेन्सर बोलतो आहे, दुसरीकडे शोधा. काही जुने कारागीर सेन्सरवर ओले फडके ठेवून पाहतात. थंड होताच इंजिन सुरू झाले, तर उत्तर मिळाले.

कॅमशाफ्टचा सेन्सर कोणत्या सिलिंडरची पाळी आहे ते सांगतो. तो गेला तरी अनेक गाड्या सुरू होतात, मात्र सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो. हवेच्या दाबाचा मॅप सेन्सर आणि कूलंटच्या तापमानाचा सेन्सर ठरवतात की पेट्रोल किती सोडायचे.

कूलंट सेन्सरची गंमत वेगळीच. तो म्हणजे तापमानाबरोबर अडथळा कमी होणारा एक छोटा घटक. २० अंशांना साधारण दोन-अडीच किलोओहम, ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास. त्याची तार तुटली तर संगणकाला वाटते की इंजिन उणे ४० अंशांवर आहे. मुंबईत उणे ४०! अनेक गाड्या अशा वेळी ठरीव आकडा धरून कशाबशा चालतात, पण सेन्सर अर्धवट बिघडला असेल तर संगणक भरपूर पेट्रोल ओतत राहतो. प्लग ओले होतात, सायलेन्सरमधून काळा धूर आणि उग्र वास येतो, ॲव्हरेज कोसळते आणि गरम इंजिन बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही. याची परीक्षा फुकट आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची सकाळी नुसती चावी फिरवून स्कॅनरवर कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहायचे. दोन्ही जवळजवळ सारखे आणि बाहेरच्या हवेइतके असायला हवेत. एक २७ आणि दुसरे ६० दाखवत असेल, तर खोटारडा सापडला.

मॅप सेन्सरचेही असेच. मुंबई समुद्रसपाटीला आहे. इंजिन बंद आणि चावी चालू असताना त्याने १०० किलोपास्कलच्या आसपास दाब दाखवायला हवा. ७० दाखवला, तर व्हॅन मानखुर्दला नसून हिमालयात उभी असल्याचे सेन्सरचे मत आहे, असे समजायचे.

कोड निघाला म्हणजे निदान झाले का?

नाही. सर्वांत जास्त पैसा इथेच वाया जातो. पी०३३५ हा कोड ‘क्रँक सेन्सर खराब’ असे सांगत नाही. ‘क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड’ असे सांगतो. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याच्या दोन-तीन तारा, कनेक्टर, अर्थ आणि संगणकातला शेवटचा टोक-बिंदू. यातले सेन्सर बदलणे सर्वांत सोपे, म्हणून तेच बदलले जाते.

पी०१७१ हा तर आणखी फसवा. ‘मिश्रणात हवा जास्त’ असे तो सांगतो. हे कळते ऑक्सिजन सेन्सरमुळे, म्हणून बदलला जातो ऑक्सिजन सेन्सर. बातमी वाईट आली म्हणून पोस्टमन बदलण्याचाच हा प्रकार. खरे कारण बहुधा व्हॅक्यूमची तडकलेली नळी, दमलेला पंप किंवा तुंबलेला फिल्टर असते. पंपाच्या दाबाला गेज लावला की उत्तर मिळते. इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत तो साधारण तीन बार असतो. तो गेज लावायला वेळ लागतो आणि त्याचे वेगळे पैसे मागितले की ग्राहक कुरकुरतो, ही दुसरी बाजूही खरी.

एकदम चार-पाच सेन्सरचे कोड दिसले तर घाबरण्याऐवजी आनंद मानावा. चार सेन्सर एकाच सकाळी मरत नाहीत. बहुतेक सेन्सरना संगणक एकाच पाच व्होल्टच्या तारेतून वीज देतो. त्यातला एक सेन्सर आत शॉर्ट झाला की सगळ्यांचा पुरवठा बसतो. कुशल इलेक्ट्रिशियन एकेक कनेक्टर काढत जातो. ज्याचा काढताच पाच व्होल्ट परत येतात, तो गुन्हेगार. किंवा मग सगळ्यांचा सामाईक अर्थ सुटलेला असतो.

दिवा लागण्याच्या क्षणी इंजिनची स्थिती काय होती, वेग किती, तापमान किती, हेही ओबीडी साठवते. कोड पुसला की ही नोंदही जाते. ‘आधी पुसून बघू, परत आला तर बघू’ ही पद्धत त्यामुळे पुराव्यावरच पाणी ओतते. बॅटरीची वायर काढली तरी बहुतेक गाड्यांत तेच होते.

मानखुर्दमध्ये तारा लवकर का सडतात?

एका बाजूला ठाण्याची खाडी, दुसऱ्या बाजूला पावसात तुंबणारे रस्ते. खारी दमट हवा तांब्याला हिरवा थर आणते. सीटखालच्या इंजिनवर चाकांनी उडवलेले पाणी खालून येते. गाडी उघड्यावर उभी, शेजारी कचरा, म्हणून उंदीर. आणि उंदरांना वायरिंगचे आवरण का आवडते हे गॅरेजवाल्यांना चांगले ठाऊक आहे. कनेक्टर काढून आतल्या पिना पाहणे, इलेक्ट्रिकल क्लीनर मारणे, सैल पिन आवळणे आणि इंजिन चालू असताना तारांचा जुडगा हलवून काय होते ते पाहणे, यातून सुटणारी प्रकरणे थोडीथोडकी नसतात. खर्च काही शे रुपयांचा.

यातही जुगाड नको. तुटलेली तार पिळून वर टेप गुंडाळली की पुढच्या पावसापर्यंतची सोय होते. सोल्डर करून, वर उष्णतेने आकसणारी नळी चढवलेला जोड टिकतो. क्रँक सेन्सरच्या तारेवर साधी, पडदा नसलेली वायर जोडली तर इग्निशन कॉइलचा विद्युत गोंगाट त्यात शिरतो आणि इंजिन मिसिंग मारू लागते. मग नवा कोड, नवा सेन्सर.

ई-२० पेट्रोलमुळे जुन्या गाड्या बिघडतात का?

गेल्या वर्षी हा वाद तापला होता. २० टक्के इथेनॉल मिश्रणाचे लक्ष्य २०३० वरून अलीकडे आणले गेले आणि २०२५ मध्ये ते गाठल्याचे सरकारने जाहीर केले. ई-२० विरोधातील जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. उसाच्या राज्यात इथेनॉलवर थंड डोक्याने बोलणे अवघड, पण इंजिनाला राजकारण कळत नाही. त्याला एवढेच कळते की इथेनॉलमध्ये वजनाच्या सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन असतो. पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच. म्हणजे तेवढ्याच हवेला ई-२० थोडे जास्त सोडावे लागते.

इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर ही उणीव ओळखून पेट्रोल वाढवून देतो. पण त्या दुरुस्तीला मर्यादा असते. पंप आधीच दमलेला, फिल्टर तुंबलेला, नळी थोडी फुटलेली असेल तर ई-२० ही शेवटची काडी ठरते आणि पी०१७१ उमटतो. शिवाय इंजिन थंड असताना ऑक्सिजन सेन्सर कामावर आलेलाच नसतो; सुरू करण्याच्या क्षणी गाडी आपल्या जुन्या हिशेबावरच चालते. कार्ब्युरेटरच्या ओम्नीला तर असा सेन्सरच नाही. तिथे जेट आणि सेटिंगवरच भिस्त.

नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले होते की मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकींची इंधनक्षमता ई-२० वर सहा ते सात टक्क्यांनी घटू शकते. ई-१० साठी बनवून ई-२० ला जुळवलेल्या चारचाकींत ही घट एक ते दोन टक्के. म्हणजे ‘ई-२० ने गाडी बसली’ हे सरसकट विधान जसे चुकीचे, तसेच ‘काहीच फरक पडत नाही’ हेही. जुन्या गाडीतले रबरी पाइप आणि पंपाची रबरे या मिश्रणासाठी बनलेली नव्हती. ती तपासून बदलणे शहाणपणाचे. पेट्रोल दोन-दोन महिने टाकीत तसेच पडू देणे तर नकोच, विशेषतः पावसाळ्यात; इथेनॉल ओलावा ओढते.

सीएनजीवर चालणाऱ्या व्हॅनचे वेगळे काय?

जुन्या सीएनजी गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग वायूवर जातात. चालक पेट्रोलचा काटा तळाशीच ठेवतो, कारण पेट्रोल महाग. पण टाकीतला पंप पेट्रोलमध्येच बुडून थंड राहतो. टाकी रिकामी ठेवणे म्हणजे पंप भाजणे. पाव टाकी पेट्रोल नेहमी ठेवावे आणि आठवड्यातून काही किलोमीटर गाडी मुद्दाम पेट्रोलवर चालवावी, हा जुन्या चालकांचा सल्ला तांत्रिकदृष्ट्याही पक्का आहे.

दुसरे म्हणजे वायूला पेटवायला जास्त जोराची ठिणगी लागते. पेट्रोलवर चालून जाणारे झिजलेले प्लग आणि चिरलेली कॉइल सीएनजीवर आधी बोंबलतात. गाडी फक्त वायूवर झटके खात असेल तर सेन्सरच्या मागे लागण्याआधी प्लगची फट मोजावी. फक्त पेट्रोलवर खात असेल तर इंजेक्टर आणि पंप. दोन्हीवर सारखीच खात असेल तर दोघांना सामाईक काय ते शोधावे. क्रँक सेन्सर, मॅप, कॉम्प्रेशन, अर्थिंग. एक बटण दाबून होणारी ही चाचणी नुसत्या पेट्रोलच्या गाडीला नशिबी नाही.

मात्र वायूच्या बाजूला हात घालणे हे अधिकृत केंद्राचेच काम. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो चाचणी बंधनकारक आहे. सीटखाली वायूचा वास येत असताना प्लग काढून ठिणगी बघण्याचा उद्योग कुणीही करू नये.

गल्लीतल्या मेकॅनिककडे चांगला स्कॅनर का नसतो?

मोबाइलला ब्लूटूथने जोडणारे ओबीडीचे छोटे यंत्र आता काही शे रुपयांत मिळते. २०१३ नंतरच्या ईकोला ते उपयोगी पडते. कोड, तापमान, आरपीएम, ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्टेज दाखवते. त्याआधीच्या इंजेक्शनच्या ओम्नीशी किंवा वर्साशी त्याचे अनेकदा जुळत नाही. तिथे कंपनीचा किंवा कंपनीची भाषा येणारा महागडा स्कॅनर लागतो. शिवाय वायरिंगचा नकाशा लागतो, कोणत्या पिनवर किती व्होल्ट हवेत ते सांगणारे मॅन्युअल लागते.

नेमक्या याच मुद्द्यावर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग, निदानाची साधने आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजना खुल्या बाजारात मिळू न देणे हे स्पर्धेला मारक, असे आयोगाचे म्हणणे होते. मारुती सुझुकी, टाटा मोटर्स, महिंद्र ही नावे त्या यादीत होती. पुढे प्रकरण अपिले आणि न्यायालयांत गेले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही तिची चार क्षेत्रे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही आले. पण पोर्टलवर ग्राहक सेवा क्रमांक मिळणे वेगळे आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या व्हॅनचा वायरिंगचा नकाशा मानखुर्दच्या गॅरेजमध्ये पोहोचणे वेगळे. कायद्याची सक्ती नसेल तोवर हे अंतर कायम राहील, असेच दिसते.

तोवर गल्लीतला कारागीर अंदाजाने चालतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना सेन्सर आणून लावून पाहतो, चालला तर ठेवतो. अनुभवी माणसाच्या हाती ही पद्धत चालूनही जाते. पण जुन्या भागाची हमी नाही आणि नव्याच्या डब्यात नकली माल असण्याची भीती. होलोग्राम आणि बिल पाहणे एवढेच ग्राहकाच्या हाती.

दुरुस्ती करावी की भंगारात द्यावी?

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणाला येते. हलक्या मोटारीसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ते १०,००० करण्यात आले. शाळेची किंवा मालाची व्हॅन असेल तर आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस. मानखुर्दच्या मालकांसाठी ही सगळी कामे वडाळ्याच्या मुंबई पूर्व परिवहन कार्यालयात.

दिल्लीसारखी वयाची सरसकट बंदी मुंबईत नाही. दिल्लीतही सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑगस्ट २०२५ रोजी जुन्या गाड्यांच्या मालकांवर कारवाई न करण्यास सांगितले आणि डिसेंबरमध्ये हे संरक्षण भारत स्टेज-४ व त्यानंतरच्या गाड्यांपुरते मर्यादित केले. मुंबईसाठी उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी महानगर प्रदेशातून पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने काढण्याचा विचार करायला सांगितले होते. त्यानंतर राज्याने निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. वारा कोणत्या दिशेला आहे हे यावरून कळते. स्टेज-३ च्या व्हॅनवर मोठा खर्च करणाऱ्याने तो विचारात घ्यावा.

तरीही भंगाराचा निर्णय चुकीच्या निदानावर होऊ नये. सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजले आणि ते सगळ्यांत जवळपास सारखे व पुरेसे निघाले, तर इंजिनचा गाभा शाबूत आहे. मग राहिलेला दोष तारा, सेन्सर किंवा पंपाचा, आणि तो काही हजारांत सुटतो. कॉम्प्रेशन गेले असेल, तळाचा पत्रा गंजून गेला असेल, तर सेन्सर बदलणे म्हणजे पडक्या घराला नवी घंटा.

प्रदूषणाचाही प्रश्न उरतोच. गोवंडी-मानखुर्दच्या हवेबद्दल इथल्या रहिवाशांनी आधीच पुरेसे सोसले आहे. पीयूसी चाचणी मात्र फक्त सायलेन्सरमधला धूर मोजते, ओबीडीतले कोड वाचत नाही. भारत स्टेज-४ च्या पेट्रोल मोटारीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम. स्टेज-२ आणि ३ साठी ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. बिघडलेल्या कूलंट सेन्सरने जास्त पेट्रोल पिणारी व्हॅन इथे नापास होऊ शकते. पण ‘चेक इंजिन’ पेटलेला असूनही आयडलिंगला ठीक धूर सोडणारी गाडी पास होते. काही मालक तर तो बल्बच काढून टाकतात. जुनी व्हॅन विकत घेताना म्हणून चावी पहिल्या टप्प्यावर फिरवून पाहावे. इंजिन सुरू होण्याआधी तो पिवळा दिवा लागलाच पाहिजे आणि सुरू झाल्यावर विझला पाहिजे. आधीच लागला नाही तर व्यवहार थांबवून, सीट उचलून खाली काय चालले आहे ते बघावे.